हातात काय हाय, ते आधी सांग

अप्पांना बसवून माती दिली. त्यांच्या लिंगायत समाजात रीतच तशी आहे. गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर ठेवतात, मांडी घालून बसवतात आणि मग खड्डा बुजवतात. मी कडेला उभा होतो. तेव्हा माझ्या मनात जे आलं ते तिथं कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. वाटलं, आमच्या मानवत गावच्या लोकांनी हा माणूस उभा असलेला पाहिलाच किती वेळा?

आता त्याला चार महिने झाले. मी मुळातच सावकाश लिहिणारा, आणि हे तर जास्तच सावकाश लिहून होतंय.

मी वाचनालयात ग्रंथपाल आहे. वाचनालय माडीवर, आणि खाली अप्पांचा फोटो स्टुडिओ. माझ्या टेबलाजवळच्या खिडकीतून त्यांचं दार दिसायचं. दारात अप्पा बहुतेक वेळा जमिनीवरच असायचे. कधी उकिडवे, कधी गुडघ्यांवर, कधी चक्क पालथे. सत्तरीचा माणूस, अंगात पांढरा शर्ट, कपाळाला भस्माचे तीन पट्टे, आणि पोटाखाली रस्त्याची धूळ. समोर एखादं दोन वर्षांचं पोर चपलेत माती भरत बसलेलं. त्यांच्या पँटी गुडघ्यावर आधी फाटायच्या. शिंप्याला ते इतकं पाठ झालं होतं, की नवी पँट शिवतानाच तो गुडघ्याला आतून दुहेरी कापड लावून द्यायचा.

मोठ्या माणसांना ते ‘तुमी’ म्हणायचे, पण मान द्यायचे फक्त लेकरांना. प्रत्येक पोराला ‘मालक’, पोरीला ‘मालकीण’. “मालक, काम जोरात चाललंय जणू!” असं म्हणून ते त्या चपलेतल्या मातीकडे बघत राहायचे. पोरगं वर बघायचं, हा म्हातारा आपल्या कामात लुडबूड करणार नाही याची खात्री करून घ्यायचं आणि पुन्हा माती भरायला लागायचं. मग कॅमेरा हळूच वर यायचा. मागून आई ओरडायची, “अरे इकडं बघ! अप्पाकडं बघ! हस की जरा!” की अप्पा कॅमेरा खाली घ्यायचे. “बाई, ते कामावर हायत. तुमी त्यांना हाका मारून बेजार कामून करायलाव?”

मोबाईल आले, तसे इतर फोटोवाले कपाळाला हात लावून बसले. अप्पांना मात्र आनंद झाला. बाया मोबाईल घेऊन यायच्या, “अप्पा, ह्याचा फोटो नीट येईनाच बघा. सगळा धुरकट.” अप्पा मोबाईल उलटा करायचे, शर्टाच्या टोकानं मागचं भिंग पुसायचे. “पीठ लागलंय. भाकरी करता करता काढला ना?” बाई लाजायची. मग अप्पांची शाळा सुरू व्हायची. “आता खाली बसा. अजून खाली. लेकराचे डोळे आन् तुमचा मोबाईल एका रेषेत आला पाहिजे. वरून काढला की लेकरू न्हाई, नुसतं टक्कल दिसतं.” दुपारच्या उन्हात पोराला उभं करणाऱ्या बापांवर ते चिडायचे. “उजेड दारात येऊन बसलाय. तिथं बसवा त्याला, उंबऱ्यावर. उन्हात नेऊन डोळे कामून बारीक करायला लावता?” लोक हे शिकून घरी जायचे आणि पुन्हा स्टुडिओत यायची त्यांना गरज उरायची नाही. मी एकदा तसं म्हणालो. अप्पा म्हणाले, “आईइतकं जवळ मला कुणी जाऊ देईल का? तिच्या हातात कॅमेरा आलाय. तिला जमलं की माझं काम झालं.”

पेडगावच्या एका वाढदिवसाचा किस्सा ते स्वतः कधी सांगत नसत, पण गावाला माहीत होता. केक, फुगे, मुकुट घातलेलं तीन वर्षांचं पोरगं आणि त्याच्याभोवती पंधरा माणसं. सगळी एकदम ‘इकडं बघ’ म्हणत होती. पोरगं बिचारं पंधरा दिशांना बघून रडायला लागलं. तेव्हा अप्पांनी एकही फोटो काढला नाही. जेवणं झाल्यावर सगळ्यांना दिसलं, की अप्पा कॅमेरा घेऊन बाजेखाली पालथे पडलेत आणि त्यांच्या समोर, बाजेच्या अगदी आतल्या कोपऱ्यात, ते पोरगं. कोपरापर्यंत माखलेलं आणि स्वतःशीच हसणारं. फोटो हातात आल्यावर बाप भडकला.

“अप्पा, केक कुठंय ह्यात?”

“पोटात.”

बापानं तो फोटो घेतला नाही. आठ दिवसांनी आई आली आणि पदराखाली लपवून घेऊन गेली.

कापसाच्या दिवसांत ते स्टुडिओ बंद ठेवून बाजार समितीच्या आवारात जायचे. ढिगाजवळ खेळणाऱ्या लेकरांच्या चेहऱ्यावर पांढऱ्या कापसावरून खालून उजेड येतो. तसा उजेड, ते म्हणायचे, कुठल्या दिव्यात मिळत नाही. असं काही सांगताना त्यांचा आवाज पूजेतल्यासारखा व्हायचा. तसंही रोज सकाळी ते तळहातावर लिंग ठेवून कितीतरी वेळ त्याकडे एकटक बघत बसायचे. “बघायचं म्हणजे बसावं लागतं,” एवढंच म्हणायचे त्याबद्दल.

पण या माणसाच्या स्टुडिओत एक पेटीही होती. तिच्यात लहान मापाचा कोट, तयार गाठीचा टाय, प्लॅस्टिकची गिटार आणि एक काळा गॉगल. “पेटी आईबापांसाठी हाय,” ते म्हणायचे, “त्यांचीबी हौस राहू द्या.” आमचं खरं नातं त्या पेटीपासून सुरू झालं.

माझी मुलगी जुई. ती पाच वर्षांची झाली तेव्हा माझी आई म्हणाली, पोरीचा एक तरी धड फोटो पाहिजे. घरात फोटो नव्हते असं नाही. सगळ्यांत जुईचे डोळे मिटलेले होते. तिचा डावा डोळा आत, नाकाकडे वळलेला. कळायला लागल्यापासून तिच्या कानावर एकच वाक्य पडत आलं होतं, “नीट बघ.” कॅमेरा समोर आला की सगळे आणखी मोठ्यानं तेच म्हणायचे. तिनं त्यावर साधा उपाय शोधला होता. कॅमेरा दिसला की डोळे गच्च मिटायचे.

स्टुडिओतही तिनं ते मिटले. आई अप्पांना हळूच म्हणाली, “गॉगल घाला तिला. म्हंजी दिसायचं न्हाई.” अप्पांनी सवयीनं पेटी उघडली आणि गॉगल घातला. जुई शांत उभी राहिली. मग गॉगलच्या मागून तिनं विचारलं, “अप्पा, आता मी चांगली दिसायले का?”

अप्पांनी कॅमेरा खाली ठेवला. तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि गॉगल काढून घेतला. “आज उजेड बरोबर न्हाई,” म्हणाले. डोक्यावर दोन मोठे दिवे जळत होते.

दुसऱ्या दिवशी ती पेटी भंगारवाल्याच्या गाड्यावर होती. अप्पा माडीवर आले, माझ्यासमोरच्या बाकावर बसले. “किती वर्षं झाली,” म्हणाले, “मी लेकरांचे फोटो काढतो असं मला वाटायचं. मी त्यांना झाकत आलो.” मग विचारलं, “डोळा दाखवला का कुणाला?”

आम्ही दाखवला नव्हता. मोठी झाली की आपोआप सरळ होईल असं आई म्हणायची, आणि मी इतकी पुस्तकं वाचणारा माणूस, त्यावर खुशाल विसंबून होतो.

परभणीच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. जुईचा उजवा डोळा झाकला आणि भिंतीवरचा तक्ता वाचायला सांगितला. तिला फक्त सगळ्यांत वरचं मोठं अक्षर दिसलं. “डावा डोळा आळशी झालाय,” बाई म्हणाल्या. “मेंदू त्याच्याकडून कामच घेत नाही. चष्मा देते. आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावा, म्हणजे ह्याला काम करावंच लागेल. आता नाही केलं तर पुढं ह्या डोळ्याची नजर परत येणं अवघड.”

पट्टी म्हणजे चिकटणारा, अंगाच्या रंगाचा साधा तुकडा. आमच्या घरात त्यावरून दोन महिने युद्ध चाललं. जुई ती ओरबाडून काढायची. रांजणामागे, उशीच्या खोळीत, चपलेच्या तळाला अशा ठिकाणी पट्ट्या सापडायच्या. शाळेत पोरं तिला एकडोळी म्हणायला लागली. पट्टी लावली की तिला खरोखरच काही दिसत नसे. ती दाराला धडकायची, ताटातली भाजी चाचपायची. आईला ते बघवेना. “चांगला डोळा झाकून लेकराला आंधळं कामून करायलाव रे?” असं म्हणून ती रडायची, आणि मी कामावर गेलो की मायेनं स्वतःच पट्टी काढून टाकायची. दोन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी तक्ता पुन्हा वाचायला लावला. वरचं एकच अक्षर. त्या मला रागावल्या नाहीत, पण त्यांनी कॅलेंडरकडे पाहिलं.

ते मी अप्पांना सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं, “पट्ट्या कुठं मिळतात?”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या दारात आले तेव्हा आई किंचाळलीच. अप्पांच्या स्वतःच्या उजव्या डोळ्यावर पट्टी होती. गळ्यात एक जुना, ठिकठिकाणी पोचे आलेला कॅमेरा, डोळा लावून बघायची खिडकी असलेला. ते उंबऱ्याशी बसले.

“मालकीण, कामाला माणूस पाहिजे. लेकरांचे फोटो मला जमेनात. मी पडलो उंच, आन् गुडघे बोलायलेत. तुमी बरोबर उंचीच्या हाव.”

जुईनं दाराआडून विचारलं, “तुमच्या डोळ्याला काय झालं?”

“काई न्हाई. खिडकीतून एकाच डोळ्यानं बघायचं असतं. दुसरा मिटून मिटून थकतो. म्हणून पट्टी. ह्या धंद्यात लागतेच.”

ती बाहेर आली. पट्टीकडे बघत राहिली. मग आत जाऊन पेन घेऊन आली आणि अप्पांच्या पट्टीवर मांजर काढलं. अप्पा डोळा मिटून तेवढा वेळ निमूट बसून होते. मग त्यांनी खिशातून दुसरी पट्टी काढली आणि तिच्यापुढं धरली.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी दोन तास मानवतच्या बाजारातून ही जोडी फिरायला लागली. सत्तरीचा माणूस आणि पाच वर्षांची पोर, दोघांच्याही उजव्या डोळ्यावर मांजराची पट्टी. मोंढ्यातल्या दुकानांतून हाका यायच्या. “अप्पा, मोतीबिंदू निघाला का?” “न्हाई, नोकरी लागली.” “कुणाकडं?” अप्पा जुईकडं बोट दाखवायचे. “मालकीण कडक हाय. फुरसत देत न्हाई.” दोघंही एकाच डोळ्यानं चालायचे, त्यामुळे दोघंही धडपडायचे. एकदा अप्पा आमच्याच गल्लीतल्या पाण्याच्या टाकीला धडकले. जुई इतकी हसली, की घरी येईपर्यंत तिची उचकी थांबली नव्हती. पट्टी लावून ती हसली, ती ही पहिली वेळ.

नियम एकच होता. बटण दाबायच्या आधी सांगायचं, समोरच्या लेकराच्या हातात काय आहे. “तोंड काय, समदेच बघतात,” अप्पा म्हणायचे. “लेकरू हातात असतं. हातात काय हाय, ते आधी सांग. मग दाब.”

पहिल्या दिवशी तिला काहीच सांगता येईना. “दिसत न्हाई, अप्पा.”

“मग जवळ जा.”

“गेले.”

“अजून जवळ.”

“नाकाला नाक लागेल!”

“लागू दे की.”

नाकाला नाक लागलं. समोरचं पोरगं खदखदून हसलं, आणि तिनं बटण दाबलं. फोटोत अर्धा कान होता आणि एक नाकपुडी. अप्पांनी तो मोठा करून स्टुडिओत लावला.

हळूहळू नाक, तोंड, मग चेहरा यायला लागला. मी सांगतो, मुलीचं कौतुक म्हणून नाही, पण तसे फोटो मानवतमध्ये आधी कुणी काढले नव्हते. ते वरून काढलेले नव्हते. कुणीही त्यांत ‘इकडं बघ’ ऐकून ताठ झालेलं नव्हतं. एक पोर दुसऱ्या पोराकडे ज्या अंतरावरून बघतं, त्या अंतरावरून ते काढलेले होते. कुणी बोर खाताना, कुणी दात हलवून बघताना, कुणी रडून झाल्यावर नाक पुसताना. लेकरांच्या आया ते घ्यायला यायच्या आणि फोटोकडे बघत दारातच थबकायच्या.

अप्पा मात्र फोटोंपेक्षा पावलं मोजत होते. हे मला फार उशिरा कळलं. ‘हातात शेंग हाय’ हे तिनं किती पावलांवरून सांगितलं, ते रोज खडूनं स्टुडिओच्या दारामागे लिहिलेलं असायचं. एक. एक. दीड. दोन. मग कित्येक दिवस दोनच. तेव्हा अप्पांचा चेहरा उतरायचा, पण तिच्यासमोर कधी नाही. मग तीन. चार.

एका दुपारी आई ओसरीवर फाटकं लुगडं शिवत बसली होती. जुई अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला, फाटकाजवळ, कॅमेरा डोळ्याला लावून उभी. उजव्या डोळ्यावर पट्टी. अप्पा तिच्यामागे जमिनीवर.

“आजी, हलू नको.”

“हलायले कुठं?”

“तुझ्या हातात सुई हाय. दोरा लाल हाय. आन् सुईतून निसटलाय.”

आईनं हाताकडे पाहिलं. दोरा खरंच निसटला होता. तिला स्वतःलाही ते दिसलं नव्हतं. ती सुई तशीच धरून बसून राहिली. मग अप्पांकडे बघून म्हणाली, “तुमी सांगितलं न्हाई ना तिला?”

“मला कुठं दिसतंय, वहिनी? माझाबी एक डोळा बंद हाय.”

दुसऱ्या दिवसापासून पट्टी आईच लावायला लागली. मिनिटंही तीच मोजायची, आणि दोन तासांआधी काढू द्यायची नाही.

चार महिन्यांनी आम्ही परभणीला गेलो. अप्पा आमच्याबरोबर एसटीनं आले. बाहेर बाकावर थांबा म्हटलं तर म्हणाले, “मी कर्मचारी हाय,” आणि आत येऊन भिंतीला टेकून खाली बसले. डॉक्टरीणबाईंनी उजवा डोळा झाकला. जुईनं पहिलं अक्षर वाचलं. दुसरी ओळ वाचली. तिसरी. चौथीला थोडी थांबली, मान किंचित पुढं केली आणि वाचली. पाचवी वाचली. बाईंनी तक्ता बदलला, तिला पाठ झाला असेल म्हणून. तिनं तोही वाचला, शेवटच्या दोन ओळी सोडून. मग बाईंनी स्वतःचं पेन उचललं आणि त्या काही विचारणार, तेवढ्यात जुई म्हणाली, “हातात पेन हाय. टोपण चावलेलं हाय.”

डॉक्टरीणबाई हसत सुटल्या. मी भिंतीकडे पाहिलं. अप्पा दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबून बसले होते.

त्या चार महिन्यांत त्यांनी तिचा एकही फोटो काढला नव्हता. तिनं सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलं नव्हतं. दवाखान्याच्या आवारात रिक्षांच्या गर्दीत ती थांबली, वळली आणि म्हणाली, “अप्पा, आता माझा काढा.”

अप्पा तिथंच धुळीत गुडघ्यांवर बसले. मागून रिक्षावाला ओरडत होता, “अहो बाबा, सरका की!” जुई समोर उभी राहिली. चष्मा नाकावर घसरलेला, डावा डोळा अजून जरासा आत. डोळा पुरता सरळ व्हायला वेळ लागणार होता. पण दोन्ही डोळे टक्क उघडे होते, आणि ते कॅमेऱ्याकडे नाही, अप्पांकडे बघत होते. अप्पांनी एकदाच बटण दाबलं.

तो फोटो त्यांनी स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावला. तिथं आजवर नवरदेव असायचे, पुढारी असायचे. ते सगळे आत गेले. डोळ्यात काही दुरुस्ती केली नाही, रंग उजळला नाही.

फोटो लागल्यावरच्या पहिल्याच गुरुवारी आई मुद्दाम तो बघायला आली. मी वरून खिडकीतून बघत होतो. ती काचेसमोर उभी राहिली. शेजारी एक बाई होती, कडेवर तान्हं घेतलेली. तिनं फोटो निरखून पाहिला आणि म्हणाली, “पोरगी ग्वाड हाय. पण जरा तिरळी दिसायली का हो?”

इतकी वर्षं हा प्रश्न कुणी विचारू नये म्हणून आई सगळ्यांपुढं पोरीचं तोंड पदरात घेत आली होती.

“दिसायली,” आई म्हणाली. “दिसू दे. आमची नात हाय ती.”

मग ती त्या बाईकडे वळली. तान्ह्याच्या गालावर काजळाची भली मोठी तीट होती. “थांब गं जरा,” म्हणत आईनं त्या तिटेवरून बोट फिरवलं आणि तेच बोट काचेवर, जुईच्या गालापाशी टेकवलं.

अप्पा दारात बसून हे सगळं बघत होते. शेवटपर्यंत ते रोज सकाळी ती काच स्वतः पुसायचे, तेवढी जागा सोडून.